धाकूदादांच्या शेतातली माती

मंडळी, आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपण सांगितलं, म्हणजे समोरच्याला पोचलं का हो? – अहो, माना कशाला डोलावताय? आधी ऐका तर!

खाडीकाठचं गाव. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा मोठा बांध घातलेला. त्या बांधाला खांड पडली, भलं मोठं भगदाड! येत्या अमावास्येच्या उधाणाआधी ती बुजवली नाही, तर गावाने भात विसरायचा. आणि गावाची रीत अशी – खांडीच्या तोंडाशी ज्याचं शेत, त्याने आधी 'हो' म्हणायचं. मगच बाकीचे घमेली उचलणार. शेत होतं धाकूदादा भोईरांचं. म्हाताऱ्याची नजर केव्हाच गेलेली.

खांड कशी बुजवायची ते ठरवून गावाला समजावायचं काम आलं शर्वरीकडे. गावचीच लेक, इंजिनिअर झालेली. तिने खपून पीपीटी केली, शाळेत पडदा लावला. आणि काय ती पीपीटी! अक्षरं गिरक्या घेत येतायत, बाण उडतायत, एकेका स्लाइडवर अख्खं पुराण! मागच्या बाकांवरून बघावं तर नुसत्या मुंग्या. पण माना सगळ्यांच्या डोलतायत – अगदी तुमच्यासारख्या!

"हे बघा," शर्वरी बोट दाखवून म्हणाली, "पाणी इथून येतं. हा लाल भाग खणून तिकडे टाकायचा. कळलं?"

"कळलं!" लोक म्हणाले.

पहिल्या बाकावरून धाकूदादा बोलले, "इथून म्हणजे कुठून गो पोरी? नि लाल भाग कुणाचा?"

"दादा, समोर दिसतंय की!"

निसटलं हो तोंडातून! शर्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा काठी चाचपत उठले. "मला कळलंच नाय, तर हो कसा म्हणू?" एवढंच बोलून घरी गेले. सभा मोडली.

घरी आल्यावर शर्वरीला राग आला – कुणाचा? दादांचाच! माणसाचं असंच असतं, नाही का? एवढी मेहनत घेतली, आणि एका म्हाताऱ्यापायी सगळ्यावर पाणी पडलं म्हणून ती धुसफुसत बसली. मग सहज डोळे मिटून तिने आपलंच बोलणं मोठ्याने म्हणून पाहिलं. "हे बघा... इथून... हा लाल भाग..." काय कळतंय? काही नाही! आणि मग तिच्या लक्षात आलं – तो लाल भाग म्हणजे दादांचंच शेत! माती तिथूनच खणायची होती. ज्याचं शेत जायचं, त्याला ते तिने तोंडाने सांगितलंच नव्हतं.

मग बसली सगळं उपसायला. उडते बाण गेले, गिरक्या गेल्या. एका स्लाइडवर एकच गोष्ट, आणि तीच वर ठसठशीत अक्षरांत, सरळ वाक्यात. जिथे रंग, तिथे नावही लिहिलं. चित्र आलं की त्यात काय आहे ते बोलून सांगायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दादांना हाताला धरून तीच घेऊन आली. "दादा, पडद्यावर नकाशा आहे. डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला आपली शेतं, मधे बांध. तुमच्या उंडीच्या झाडासमोर तो फुटलाय."

दादांचा हात हवेत बांधावरून फिरत गेला, झाडापाशी थांबला. "हां! आता पुढं सांग."

पुढची स्लाइड आली. शर्वरीने ती वाचली. "माती धाकूदादांच्या शेतातून घ्यावी लागेल. तिथे दोन वर्षं पीक येणार नाही."

आणि गंमत बघा – मागचे बाक दचकले! काल 'कळलं' म्हणणाऱ्यांना ते आज कळलं!

दादा म्हणाले, "काल मी नुसती मान हलवली असती, तर माझं शेत मला न कळता गेलं असतं. आज तू तोंडावर सांगितलंस. घे माती. पहिलं घमेलं मी भरतो."

"नि दोन वर्षं तुमच्या चुलीला भात आमचा!" मागून कुणीतरी ओरडलं. अख्खा गाव उठला हो!

मंडळी, आता आपल्याकडे वळू. आत्ता आरती लागेल. तुम्ही सगळे पुढे सरकाल, हात जोडाल, डोळे भरून बघाल. बघा, जरूर बघा! पण त्या खांबामागे, जिथून देव दिसत नाही, तिथे कोण बसलंय, ते आधी बघा. त्याच्या शेजारी जा, आणि देवाला आज कुठलं वस्त्र नेसवलंय, गळ्यात कसला हार आहे, ते त्याच्या कानात सांगा. तुमचं सांगून झालं, की मगच मी आरतीला हात लावीन.