ढवळखिंडीत गाडीनं हवा धरली

ऐका. जवळ सरका, पण त्या शेकोटीत ओलं लाकूड घालू नका. धूर समोरच्या ओट्यावर जातो. तिथं एकाला सोसत नाही. कुणाला, ते सांगतो मागाहून.

भिवा, ती चावी बोटात फिरवायची थांबव. आजची गोष्ट तुझ्यासाठीच आहे.

तर आपला लहानू साबळे. तेव्हा त्याच्याकडे जुनी पिकअप होती. निळी, डिझेलवरची, दरवाजा दोरीनं बांधलेला. गाडी म्हातारी, पण इंजिन दणकट. खोड एकच. टाकीतून इंजिनाकडं डिझेल नेतो ना, त्या रबरी पाईपाला चीर. एवढीशी, नखाएवढी. डिझेल गळत नव्हतं, पण गाडी चढाला लागली की पाईप त्या चिरेतून हवा ओढायचा. आणि डिझेलच्या गाडीला हवा सोसत नाही बाबांनो! पाईपात हवा शिरली की गाडीला धाप लागते. आचके देते. बंद पडते. मग बॉनेट उघडा, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार. धार लागली की स्क्रू आवळायचा. हवा काढणं म्हणतात याला.

युनूस मिस्त्री कितीदा सांगायचा, "लहानू, पाईप बदल रे बाबा." लहानू म्हणायचा, "पुढच्या खेपेला." आणि चिरेवर धुण्याचा साबण चोळायचा. साबण डिझेलात विरघळत नाही, चीर बुजते. तात्पुरती. ऐकताय ना? तात्पुरती! ते तात्पुरतं त्यानं वर्षानुवर्षं चालवलं.

हसतोस काय भिवा? तुझ्या पाईपाचा साबण मी दिवसाढवळ्या पाहिलाय.

घरात लहानूची थोरली बहीण, हौसाक्का. नवरा लवकर गेला, ती माहेरी आली. आई गेल्यावर लहानूला तिनंच वाढवलं. त्याला तिच्याशिवाय कुणी नव्हतं आणि तिलाही त्याच्याशिवाय. तिला दमा. थंडी पडली की छातीत घरघर सुरू. म्हणून कमरेला कायम ओव्याची पुरचुंडी. सारखा ओवा चघळायची. लहानूला झोपेतसुद्धा कळायचं, अक्का घरात आहे. ओव्याच्या वासावरून.

पौषातली रात्र होती. अक्काला असा दम लागला की बसवेना, निजवेना. ओठ काळे पडले. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायलाच हवं. वाटा दोन. एक धरणावरून, लांबची. दुसरी ढवळखिंडीतून, निम्म्याची. आणि खिंडीतून रात्री कुणी जात नाही. तिथं फुंक्या आहे.

फुंक्या कोण? फार जुना ट्रकवाला. खिंडीत त्याच्या गाडीनं हवा धरली. हातपंप चालेना. त्यानं पाईप तोंडात धरला आणि छाती भरून डिझेल ओढलं. आलं ते सगळं छातीतच गेलं. सकाळी लोकांना ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याशी सापडला, पाईप हातात तसाच. तेव्हापासून तो तिथंच आहे. श्वास शोधतोय.

लहानूनं अक्काला उचलून गाडीत बसवलं तेव्हा मी आडवा आलो होतो. म्हटलं, "लहानू, धरणावरून जा." तो म्हणाला, "नाना, तेवढा वेळ नाही तिच्याकडं." बाजूला झालो.

निघाली गाडी. चढ लागला. इंजिन कण्हायला लागलं.

अक्का म्हणाली, "लहान्या, तुझी गाडी माझ्यापेक्षा जास्त खोकते."

"तू बोलू नको अक्का. दम लागेल."

"तिला थोडा ओवा चार."

लहानू हसला. अक्का चेष्टा करते आहे म्हणजे अजून वेळ आहे, एवढंच त्यानं धरून ठेवलं.

आणि खिंडीतली मोरी आली. पांढरा कठडा, एका अंगाचा दगड पडलेला. गाडीनं आचका दिला. दुसरा. बंद!

लहानू उतरला. बॉनेट वर केलं. आता एक लक्षात घ्या, बॉनेट वर झालं की काचेमागचं माणूस दिसत नाही. अक्काची फक्त घरघर ऐकू येत होती. त्यानं स्क्रू ढिला केला, पंप मारला. फेस, बुडबुडे, धार. स्क्रू आवळला, चावी दिली. चालू! निघाली गाडी. एक वळण, दुसरं वळण. आणि समोर काय?

मोरी. तोच कठडा. तोच पडलेला दगड. आणि गाडी बंद!

पुन्हा उतरला. बॅटरी दातात धरून गाडीखाली शिरला. चिरेवरचा साबण गायब. बोटानं खरवडून काढल्यासारखा. पाईपावर नखाचा ओरखडा. कुणाचं नख? त्यानं विचार केला नाही. विचाराला फुरसत कुठं होती! सायकलच्या ट्यूबची पट्टी चिरेवर आवळून बांधली. वर येऊन स्क्रू ढिला केला आणि पंप मारायला लागला. बुडबुडे आले. येतच राहिले. धार काही लागेना. दातातली बॅटरी निसटली...

निसटली ती कुणीतरी वरच्यावर धरली.

"मी धरतो उजेड," तो म्हणाला. "तू पंप मार."

कान झाकलेले, अंगात मळका स्वेटर. हातांना डिझेलचा वास. लहानूला वाटलं, देव पावला! कुणी ड्रायव्हर भेटला.

"तुमची गाडी कुठंय?"

"खालीच आहे. हवा धरलीय."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले. तू मार पंप."

आतून अक्काचा आवाज आला. "लहान्या, कुणाशी बोलतोस रे?"

"ड्रायव्हर आहे अक्का. मदतीला आलाय."

"मग त्याला म्हणावं... ढकल. उजेड काय... दाखवतोस..."

लहानू पंप मारतोय. बुडबुडे येतायत.

"लहान्या..."

"झालंच अक्का."

पुढं ती बोलली नाही. नुसती घरघर. मग घरघरही कमी झाली. आणि लहानूला, ऐका, लहानूला बरं वाटलं! म्हणाला, चला, अक्काची छाती मोकळी झाली. आणि आणखी जोरात पंप मारायला लागला.

थंडी मरणाची. लहानूच्या तोंडातून वाफ निघत होती. त्या माणसाच्या तोंडातून मात्र काहीच निघत नव्हतं. लहानूनं ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. तो माणूस स्क्रूवर वाकला होता. नाक अगदी बुडबुड्यांशी. एकेक बुडबुडा फुटला की त्याची छाती थोडी वर यायची. आणि मग त्याच्याही तोंडातून बारीक वाफ निघाली. मग जरा दाट.

ती वाफ लहानूच्या तोंडावर आली. तिला ओव्याचा वास होता.

ओव्याचा!

लहानूचा हात पंपावरच थिजला. स्क्रूशी नाक नेलं. एक बुडबुडा फुटला. ओवा. दुसरा फुटला. ओवा. म्हणजे इतका वेळ तो पाईपातली हवा काढतच नव्हता. अक्काचा श्वास काढत होता. स्वतःच्या हातानं, पंप मारून मारून.

त्यानं स्क्रू गच्च आवळला.

"थांबू नको," तो माणूस म्हणाला, अगदी समजुतीनं. "हवा काढली नाहीस तर गाडी हलायची नाही. गाडी हलली नाही तर ती मरेल."

"आणि काढली तर?"

"तर गाडी हलेल."

सांगा आता, काय करायचं माणसानं? पंप मारावा तर अक्का जाते. न मारावा तरी अक्का जाते. रस्त्यात दिवा नाही, गावात आवाज पोचत नाही. लहानू बंपरवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. तो माणूस बॅटरी धरून उभा. त्याला कसली घाई?

रडता रडता लहानूचा हात त्या पाईपाला लागला. पंपापाशी जोडलेलं पाईपाचं तोंड. त्यानं तोंडावरची पत्र्याची पट्टी सोडली, पाईप उपसला आणि तोंडात धरला.

पहिल्यांदाच त्या माणसाचा आवाज चढला. "नको! मी तसंच ओढलं होतं! नको!"

लहानूनं ओढलं. छाती फुटेस्तोवर ओढलं. आधी ओव्याचा वास आला, गार, सगळा छातीत उतरला. आणि त्यामागून डिझेल आलं. काही थुंकलं, काही गिळलं, काही जिथं जायला नको तिथं गेलं. पण श्वास त्यानं सोडला नाही! तोंड मिटून, डोळे बाहेर आलेले, पाईप पंपाला पुन्हा बसवला. धडपडत दरवाज्याशी गेला. अक्का सीटवर कलंडलेली. छाती हलत नव्हती.

लहानपणी हात भाजला की ही अक्का फुंकर घालायची. तो तिच्यावर वाकला, तिच्या तोंडाशी तोंड नेलं आणि फुंकर घातली. तिचा श्वास होता तेवढा दिला. मग थांबता आलं नाही, स्वतःचाही दिला. छाती रिकामी होईपर्यंत.

अक्का खोकली.

"मेल्या," ती पुटपुटली, "डिझेल प्यायलास काय रे?"

चावी दिली. राहिलेली हवा इंजिनानं स्वतःच खोकून टाकली. चालू! गाडी उताराला लागली, आणि मागून, गाडीच्या हौद्यातून हाक आली. अक्काच्या आवाजात. "लहान्या, मी इथं मागं राहिले रे! थांब! कुणाला घेऊन चाललास?"

त्याचा पाय ब्रेकवर गेला. गेलाच होता! शेजारी बसलेली कोण मग? काळोखात तोंड दिसत नव्हतं. त्यानं नाकानं श्वास घ्यायला पाहिला, घेववेना. थोडासाच आत आला. पण त्या थोड्यात ओवा होता. शेजारून. त्यानं ब्रेकवरचा पाय काढला. मागची हाक रडली, शिव्या दिल्या, गयावया केली. खिंडीच्या पायथ्याला म्हसोबाचा शेंदरी दगड आहे ना, त्याच्यापुढं आली नाही.

अक्का वाचली. वाचली म्हणजे, दमाच गेला तिचा. आज या वयात हंडा घेऊन चढ चढते, पाहता तुम्ही.

आणि लहानू? डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले, फुप्फुसात तेल गेलंय, निघायचं नाही. युनूस मिस्त्रीनं पिकअप नेली, नवा पाईप टाकला. फुकट. टाकताना रडत होता बिचारा. गाडी अजून कुठंतरी पळते म्हणतात. लहानूला मात्र आडवं होता येत नाही. समोरच्या ओट्यावर उशाला टेकून रात्र काढतो. अक्का त्याच्या पाठीवर हात ठेवून बसते. देवाला म्हणते, माझा दमा मला परत दे. रोज म्हणते. देव काही घेत नाही मनावर.

म्हणून सांगतो, भिवा. ढवळखिंडीची वाट रात्री धरू नको. कुणी मरत असलं तरी धरणावरून जा. आणि खिंडीत गाडीनं हवा धरलीच, तर स्क्रूला हात लावू नको. कुणी उजेड धरायला आलं, तर मुळीच नाही. उद्या आधी तो साबण खरवड आणि नवा पाईप टाक.

आता जरा गप्प बसा सगळे. ऐका.

ऐकू येतंय, ओट्यावरून? श्वास आत घेतला त्यानं. आता सोडेल.

थांबा. सोडेल. आम्ही रोज असेच थांबतो.