चारची गाडी

स्मिता : चार वाजून गेले, आई. गाडीवाला सनी फोनही उचलत नाही. खाली जाऊन बघू का?

प्रेमला : सामान दारात, बूट पायात, आता आणि काय बघतीस? बस जरा. विमान रात्रीचं हाय.

स्मिता : सहारला विमानतळावर तीन तास आधी पोचायचं असतं. त्यात कामोठ्यातून बाहेर पडेपर्यंत ट्रॅफिक. उशीर होणार असेल तर निदान कळवावं माणसानं.

प्रेमला : सनीला नको शिकवू. तुझ्या जपानच्या पोरांना शिकव.

स्मिता : त्यांना मी फक्त गणित शिकवते गं. बाकीचं तेच मला शिकवतात. पहिल्या आठवड्यात साडेआठच्या मीटिंगला बरोबर साडेआठला गेले. वाटलं, खूश होतील. तर सगळे आधीच वह्या उघडून बसलेले. कोणी एक शब्द बोललं नाही, नुसत्या माना लववल्या. इथल्या शाळेतल्या मोठ्या बाई बऱ्या, चार शब्द सुनावून चहा तरी पाजायच्या.

प्रेमला : आन् त्या जेवणाचं काय झालं? तुझ्या मैत्रिणीला, राजश्रीला सांगत होतीस, मी सैपाकघरातनं अर्धंच ऐकलं.

स्मिता : ते होय. शाळेतल्यांना घरी जेवायला बोलावलं. आपण कसं, माणसं सातला हवी असली की पाच सांगतो. सवयीनं पाच सांगितलं. पाचला बेल वाजली. दारात सगळेच्या सगळे, हातात भेटी, आणि मी गाऊनवर, हाताला कणीक. कुकरसुद्धा चढला नव्हता. बिचारे दोन तास गुडघे मुडपून बसले आणि वर माझीच माफी मागत होते. त्यांना वाटलं, त्यांचंच काहीतरी चुकलं. तेव्हापासून खोटी वेळ सांगणं सोडलं मी.

प्रेमला : म्हणून राजश्रीच्या बाळाच्या बारशाला सांगितल्या वेळेला गेलीस, आन् तिच्या सासूसंगं मटार सोलत बसलीस.

स्मिता : अख्खी पिशवी. पाळणासुद्धा यायचा होता.

प्रेमला : हिशोब करू का तुझ्या सुट्टीचा? बँकेला दिलास दिवस, दाताच्या डॉक्टरला दिलास, भावाच्या, पार्थच्या नव्या फ्लॅटला दिलास. मैत्रिणींना तर वाटूनच दिलास. माझ्याजवळ बसलीस ती जेवायला, ते बी मोबाइल ताटाशेजारी, वाजला की उठायचं.

स्मिता : मग बोलायचंस ना.

प्रेमला : आईला बी टाइम मागून घ्यायला लागतो, हे ठावं नव्हतं मला.

(खाली एक गाडी थांबते आणि पुढे निघून जाते.)

स्मिता : सनीची नव्हती.

प्रेमला : न्हायच. सनी सहाला येणार हाय.

स्मिता : सहाला? तू चार म्हणालीस.

प्रेमला : तुला चार सांगितलं. त्याला सहा. आन् हिचा फोन घेऊ नको, असं बी सांगितलं.

स्मिता : आई, मैत्रिणीसमोरचा चहा तसाच टाकून धावत आले मी.

प्रेमला : येशील म्हणून तर सांगितलं. पयली स्मिता असती तर चार सांगून सहाला उगवली असती, मग माझ्या पदरात काय? जपानचा एवढाच नफा झाला बघ मला.

स्मिता : बोल. काय विचारायचंय?

प्रेमला : तुझी शाळा अजून तीन वर्षं राहा म्हणतीय. पार्थ बोलला. भावाला ठावं, आईला न्हाय. आज कळवायचंय म्हणं.

स्मिता : विमानात बसायच्या आधी.

प्रेमला : काय कळवणार?

स्मिता : नाही माहीत. थकलेय गं. तिथं यायला वेळ असते, जायला नसते. काम संपलं तरी मोठे सर उठेपर्यंत कोणी खुर्ची सोडत नाही. मीही दिवे बघत बसते. इथं आले, तर जाईन तिथं मीच पहिली, मग सगळ्यांची वाट बघत बसते. दोन्हीकडे बसूनच राहते मी.

प्रेमला : मी राहा म्हणणार न्हाय. जा बी म्हणणार न्हाय. पर उत्तर उभ्या उभ्या देऊ नको.

स्मिता : सनी सहाला नक्की येईल ना?

प्रेमला : सनी तो. साडेसहा धर. बूट काढ.