मज्जा झुवैनाची, रक्त सुलैयमचं

निझवा शहरातल्या इस्पितळात, रक्त तपासायच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि तिची भाची कॉफीचा थर्मास मध्ये ठेवून बसल्या होत्या.

“खाला, तुझ्या सुलैयमचा रक्तगट बदलला म्हणे. आता माझाच झालाय.”

“होणारच! सहा महिन्यांपूर्वी तूच माझ्या लेकाला हाडातली मज्जा दिलीस ना, झुवैना? घे, खजूर खा. ईदनंतर तुमचा निकाह लावून टाकू.”

“खजूर नको. खाला, एकाच बाईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं होतात, त्यांचा निकाह होत नाही. मग ज्याच्या अंगात माझ्या मज्जेचं रक्त खेळतं, तो माझा कोण?”

“काहीतरीच तुझं! अहो सिस्टर, त्या रक्ताच्या नळ्या राहू द्या, हिला जरा समजवा.”

“हे बघा, तांबडी पेशी हाडातल्या मज्जेत वाढते. आधी चांगली मोठी असते, पोटात केंद्रक असतं आणि कुळाची सगळी माहिती त्यात. मग ती लाल रंग भरून घेते, लहान होत जाते आणि रक्तात उतरायच्या आधी ते केंद्रकच बाहेर टाकते.”

“म्हणजे आईबापाचं नाव मागे टाकून घराबाहेर पडते?”

“तसंच समजा.”

“ऐकलंस? त्याच्या लाल रक्तात तुझ्या कुळाचं काही उरलेलं नाही. ईदनंतरच करू.”

“बरं. सिस्टर, आणि पांढऱ्या पेशी? त्याही माझ्याच मज्जेतल्या ना? त्या टाकतात का केंद्रक?”

“छे! त्या शेवटपर्यंत सांभाळतात.”

“मग सुलैयम माझा भाऊच झाला. खाला, दे आता तो खजूर.”