टोळाचे पाय

मी लोहाराची लेक अन् लोहाराचीच सून, नंदुरबारच्या पलीकडं रुळाच्या कडेला आमचं गाव, लहानपणापासून भाता ओढला, घण मारला, अन् भट्टीपुढच्या भंगारातून किडे करायची मला खोडच. मोडक्या विळ्याचा विंचू, घासलेटच्या डब्याचा भुंगा. सासू म्हणायची, हाई काय करी ऱ्हायनी वं, भाकरी थाप. हे मात्र हसायचे, यांना आवडायचं.

मग टोळधाड आली, काय सांगू तुम्हाला, आभाळ तांबडं झालं, मिरचीचं पान राहिलं नाही. आमच्याकडं पीडा आली की तिची मूर्त करून शिवेबाहेर ठेवायची, मागं न बघता परतायचं, अन् ती मूर्त पुन्हा गावात आणायची नाही, आणली तर पीडाही परत येते. पाटील दारात आला, म्हणाला, तुन्हा हातना टोळ दे. मी केला. पंख पत्र्याचे, पोट फुटक्या घागरीचं, अन् पाय रुळाकडेला टाकून दिलेल्या गंजक्या खिळ्यांचे. वाजतगाजत शिवेवरच्या निंबाखाली ठेवला. टोळ गेले बाई, खरंच गेले.

पुढं कुणीतरी रूळ उखडले, अन् पोलीस घरोघर रेल्वेचं लोखंड शोधू लागले. शेजारच्या गावात एकाकडं खिळा सापडला, त्याला मारत नेला, तो घरी आलाच नाही. माझं पोट तेव्हा पुढं आलेलं. टोळ मी केला तरी लोखंड लोहाराचं, यांनाच नेणार. हे म्हणाले, मी जास, उचली लई येस, भट्टीमा टाकस. मी म्हटलं, अहो, टोळ गावात आणला तर गाव आपल्याला जित्तं ठेवील का? अन् तिथंच ठेवला तर पोलीस. रडून रडून मग मीच म्हटलं, अख्खा नको आणायला, नुसते पाय काढू, नुसते पाय म्हणजे काही टोळ नाही.

हे दिसले तर धरतील, म्हणून भर उन्हात सरपणाचं निमित्त करून मीच गेले. सांडशीनं एकेक पाय उपटला, अन् प्रत्येक पायाला पोटातलं लेकरू लाथ मारी, देवाशप्पथ. खिळे पडक्या विहिरीत टाकले अन् पळत सुटले.

पोलीस आलेच. सगळ्या गावाला शिवेवर उभं केलं. हवालदार आमच्याच भागातला, त्यानं हात नाही लावला, काठीनं पंख उचलला, म्हणाला, याना पाय कोठे शेतस? हे खाली बघत. तेवढ्यात सासू, जिला काही सांगितलंही नव्हतं, पुढं झाली अन् म्हणाली, आम्हीच काढी लिधात, परत येवाले नको म्हनीसन. त्यानं काठी खाली घेतली. गेले सगळे.

हे वाचले. पण सासूचं ते बोलणं माझ्या पोटात जाऊन बसलं. पाय काढले, पाय काढले. बाळंत होईस्तोवर झोप नाही. सुईणीला मुलगा की मुलगी विचारलंच नाही, म्हटलं, माय, आधी पाय देख.

पाय होते. ही बघा, अंगणात उड्या मारते. किडे अजून करते मी, पण आता पाय आधी करते, मग पोट, मग पंख. अन् हिला निजवताना रोज पाय चाचपून बघते, हे हसतात, हसू देत. देवा, हिला चालती ठेव, बस.