नारळ कुठे उभा राहतो

— नारळ हातावर असताना प्रश्न विचारायचा नाही, असा नियम आहे दादा. विचारला की जमिनीखालचं पाणी दिशा बदलतं. हसू नका, आमच्या सोसायटीच्या चेअरमनांनी सांगितलंय, चांगल्या शिकलेल्या माणसाने. आणि बायकांनी त्या जागेवर सावलीही पाडायची नाही. आता मी तर अख्खी बसलेय त्या जागेच्या उंबऱ्यावर, म्हणजे तुमच्या बोअरला नुसती धूळच लागणार — चहा घ्या ना, गार होतोय. झुंबरबाईंनी केलाय. हो, आत भांडी बांधतायत त्याच. नवरा, नवनाथदादा, आमचा वॉचमन, देवळाली कॅम्पला भाड्याची खोली बघायला गेलाय. का? कारण तुमचं मशीन नेमकं या खोलीतून खाली जाणार आहे. आधी खोली पाडायची, मग भोक पाडायचं. एवढी मोठी सोसायटी, पुढे बाग, मागे मोकळी जागा — आणि पाणी कुठे? तर वॉचमनच्या गॅसच्या शेगडीखाली!

जागा कशी ठरली ते तुम्हाला नसेल सांगितलं. नाही ना? कसं सांगतील, लाज वाटेल. भिकानाना म्हणून एक पाणाडी आणले होते, सिन्नरकडचे. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि चालायचं. खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहतो. गावाकडे नाही हो, इथे, इंदिरानगरात, लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये! मागे सगळे रिटायर्ड साहेब लोक अनवाणी, एका रांगेत — एक बँकेतले, एक कॉलेजातले, सेक्रेटरी रविराज काका, आणि सगळ्यात पुढे पप्पा. फरशी अशी तापलेली, की पावलं उचलून उचलून टाकत होते, पण तोंडातून ब्र नाही. — हो, पप्पाच. चेअरमन म्हणजे माझे वडील. सांगायचं नव्हतं, गेलं तोंडून. असू दे.

तर मी काय केलं — हे बघा, हा बोर्ड. मायक्रोकंट्रोलर म्हणतात याला. तुमच्या मशीनवर प्रेशर दाखवणारा काटा असतो ना, तसलं काम, फक्त काट्याऐवजी आकडे. किट माझ्या भावाचं, ललितचं. इंजिनिअरिंगला घातलाय त्याला. मला कॉमर्स, कारण मुलीला वायरींशी काय करायचंय? ललितने डब्याचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. मी काढलं. फोनवर व्हिडिओ बघून शिकले. पहिल्या दिवशी काय झालं माहितीये? सेन्सर जोडलाच नव्हता, नुसती वायर लोंबत होती, आणि स्क्रीनवर आकडे नाचतायत! शून्यापासून हजाराच्या वर, परत खाली. हात जवळ नेला की आणखी नाचतायत. मला वाटलं, वा, केवढं काय काय मोजतोय हा! संध्याकाळभर खूश होते. मग कळलं, कशालाच न जोडलेली पिन अशीच बडबडते. आसपासचं जे काही असेल ते पकडते आणि तोऱ्यात आकडा सांगते. आमच्या कमिटीसारखी.

तर नानांना म्हटलं, नाना, तुमच्या हातातली शक्ती लॅपटॉपवर दिसेल, ग्राफ निघेल. नाना खूश! एक पट्टी मनगटाला चिकटवली — वाकली की आकडा बदलतो. दुसरा बारका सेन्सर नारळाला — नारळ कलला की आकडा बदलतो. वायरी धरून मी मागे मागे, लग्नात करवली चालते तशी. कोणी हटकलं नाही, उलट रविराज काका म्हणाले, व्हिडिओ पण काढ, ग्रुपवर टाकू. आणि या खोलीपाशी आलो तसा नारळ उभा! सगळ्यांनी हात जोडले. मी ग्राफ बघितला. दादा, मनगट आधी हललं होतं. नारळ नंतर. जरासा कलला तरी, दर वेळी. कुठेच उलटं नाही.

नाना लबाड आहेत असं नाही हो म्हणत मी. त्यांचं त्यांनाही कळत नसेल. मी पुन्हा पुन्हा व्हिडिओ बघितला ना, तेव्हा लक्षात आलं — नाना जमिनीकडे बघतच नव्हते. पप्पांच्या तोंडाकडे बघत होते. बागेपाशी पप्पांच्या कपाळावर आठी, नारळ आडवा. मागच्या बाजूला रविराज काका खाकरले, नारळ आडवा. इथे आले आणि सगळी कमिटी एकदम श्वास धरून उभी — झालं! सेन्सर तर नानाच आहेत. एकदम चोख. फक्त पाणी नाही मोजत, चेअरमन मोजतात. आणि चेअरमनला काय हवंय? रविराज काकांनी दुसरी गाडी घेतलीय, ती लावायला जागा नाही, ही खोली गेली की होते. माणसाला तोंडावर निघ म्हणणं वाईट दिसतं. नारळ म्हणाला तर काय, देवाची इच्छा!

काय म्हणता, पाणी लागलं तर? लागेलही! मग म्हणतील नारळ खरा. नाही लागलं तर म्हणतील, पोरगी मधे बोलली म्हणून पळालं. दोन्हीकडून तेच बरोबर.

तुम्हाला सांगते, मला राग नारळाचा नाही. हेच पप्पा अंबडला कंपनीत क्वालिटीला होते. मी लहान असताना घरी व्हर्नियर आणायचे, माझ्याकडून पेन्सिलीची जाडी मोजून घ्यायचे. अंदाजाने सांगितलं की म्हणायचे, "परत मोज." केसाएवढा फरक असला तरी लोकांचा माल परत पाठवायचे, कोणाच्या बापाला घाबरायचे नाहीत. त्या माणसापुढे मी ग्राफ धरला, तर त्यांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला. ओरडले नाहीत, चूक काढली नाही — चष्माच काढला. बघायचंच नाही म्हणून. — काही नाही, धूळ गेली डोळ्यात. तुमच्याच गाडीची.

आले बघा. पुढे रविराज काका, मागे कमिटी, मधे पप्पा. तुम्ही बसा हो, उठू नका.

या पप्पा. काय? ऊठ? नाही उठत. पिंकी बेटा वगैरे घरी म्हणा. तमाशा काय त्यात, मी नुसती बसलेय. तुम्हाला खोली हवी ना? घ्या. भिकानाना आज मुहूर्ताला आलेत ना, गेटवरच चपला घालतायत, बोलवा त्यांना. डोळ्यांवर रुमाल बांधू, दोन गिरक्या देऊ, आणि तुम्ही सगळे गच्चीवर जा — एकाचंही तोंड खाली नको. मग चालू दे त्यांना. नारळ परत इथेच उभा राहिला, तर झुंबरबाईंचं सामान मी स्वतः टेम्पोत चढवते आणि तुमच्या पाया पडते. बोला, बांधायचा रुमाल?

रविराज काका?

बँकवाले काका, तुम्ही?

पप्पा, तुम्ही तरी — नाही म्हणा, पण बोला.

…

दादा, गाडी मागे घ्या, गेटबाहेर. हळू, डावीकडे स्कूटी आहे.