राखाडी कोठार

(फिनलंडमधलं एक शेतघर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक चित्र आडवं ठेवलंय. संग्रहालयाचा यार्मो ते न्यायला आलाय, दाराशी त्याची गाडी उभी आहे.)

यार्मो : हेल्वीबाई, हातमोजा बघा माझा. लाल झाला! पण तुमच्या चित्रातलं कोठार तर राखाडी होतं. पुस्तकांत, टपाल तिकिटावर, सगळीकडं राखाडी.

हेल्वी : कायसू, हे कुणी केलं?

कायसू : आधी कॉफी घ्या. गार होतेय.

हेल्वी : कायसू!

कायसू : मी केलं. ओरडू नकोस ताई, शहाऐंशीची आहेस. जूनमध्ये खरं कोठार रंगवलं, पातेल्यात थोडा रंग उरला. म्हटलं, भिंतीवरच्या चित्रातलंही उरकून टाकावं.

हेल्वी : उरकून? माझ्या चित्राला घराचा रंग फासलास?

यार्मो : म्हणजे लाल माती, त्यात पीठ शिजवून?

कायसू : काळ्या भाकरीचं पीठ. आई करायची तस्संच.

यार्मो : मग देव पावला! तेलरंगाला पीठ धरत नाही. ओल्या कापसानं निघेल, खालचं शाबूत असेल. फक्त मालकाची सही हवी.

हेल्वी : आण, करते.

कायसू : तुझी कशाला? माझ्या लग्नात मला दिलंयस ते. आणि मी सही करणार नाही, मोजेवाले साहेब.

हेल्वी : अगं, अडुसष्ट वर्षं चित्रं काढतेय मी. हजारभर काढली असतील. लोक विचारतात ते हे एकच! शुक्रवारी प्रदर्शन उघडतंय, पहिल्या भिंतीवर हेच आहे.

कायसू : तेच तर. सगळ्या देशानं रांग लावून बघायचं, की आमची कोठाराला रंग द्यायची ऐपत नव्हती. अठ्ठावन्न वर्षं त्याच्याखाली बसून जेवले मी. शेजारीण यायची, वर बघायची, मग विषय बदलायची. खरं कोठार शिडीवर चढून किती वेळा रंगवलं. तुझं आपलं तसंच.

हेल्वी : दिसलं ते काढलं मी. उघडं लाकूड, होतंच राखाडी!

कायसू : का होतं, विचारलंस कधी?

हेल्वी : लढाईनंतरचे दिवस ते. रंगात घालायला पीठ होतं कुणाकडं?

कायसू : आपल्याकडं होतं. एक पोतं, बाबांनी रंगासाठी राखलेलं. चित्रकला शिकायला गेलीस, ते हेलसिंकीचं तिकीट कशातून आलं ताई?

हेल्वी : बाबा म्हणाले, वासरू विकलं.

कायसू : वासरू मेलं होतं. धारा मी काढत होते, मला नाही कळणार? तुला सांगायचं नाही, अशी ताकीद होती. पुढच्या उन्हाळ्यात तू आलीस, आणि अंगणात बसून नेमकं ते बिनरंगाचं कोठारच काढलंस. बाबा खिडकीतून बघत होते. त्या दिवशी जेवले नाहीत.

यार्मो : मी... बाहेर थांबू का?

हेल्वी : थांब इथंच. हे असंच ने. लाल कोठारच भिंतीवर लाव.

यार्मो : बाई, भुकटी झडतेय त्याची! लोक येणार ते—

हेल्वी : माझं चित्र आहे.

कायसू : माझं आहे. आण रे तो कागद.

यार्मो : म्हणजे पुसायचं?

कायसू : ही चित्रकार व्हावी म्हणून बाबांनी पिठाचं पोतं विकलं. आता मी त्यावर पीठ थापून काय त्यांचं भलं करणार? कुठं करू सही? इथं?

हेल्वी : कापूस दे यार्मो. मी पुसते.

कायसू : नुसतं गोंजारून नाही निघायचं ताई. तीन हात दिलेत मी.