झुंबरच्या जागी आबासाहेब

श्रीकृष्ण : खाली उतरा, आबासाहेब. घोडीच्या ट्रेलरमध्ये माणसाने उभं राहायचं नसतं.

हंबीरराव : कोण म्हणतं?

श्रीकृष्ण : मी म्हणतो ना. मीच बनवलाय. आख्ख्या मकरपुऱ्यात कोणालाही विचारा, श्रीकृष्णचं वेल्डिंग आणि श्रीकृष्णचे स्प्रिंगचे पाटे. कधी कोणाला आत उभं राहून बघायची गरज नाही पडली.

मोहना : श्रीकृष्णभाई, जवा दो, सोडा. ऐकणार नाहीत ते. आमच्या आजोबांचा नियम आहे. आमची घोडी झुंबर टेम्पोत पडली ना, तेव्हापासूनचा. जिथे घोडी उभी राहणार, तिथे आधी आबासाहेब उभे राहणार.

हंबीरराव : दुधाने तोंड पोळलंय बाबा, ताकसुद्धा फुंकून पिणार. त्या दिवशी मी पुढे गादीवर बसून भजी खात होतो आणि माझी घोडी मागे गुडघ्यांवर पडलेली. भरूच आलं तेव्हा कळलं. तेव्हापासून तिने कुठल्या गाडीत पाय ठेवलेला नाही. मीही म्हटलं, नको ठेवूस.

मोहना : पण शुक्रवारी कच्छला निघायचंय, आबासाहेब. साठ किलोमीटरची दौड. झुंबर चौदा वर्षांची झाली, डॉक्टर म्हणाले पुढच्या वर्षी नाही. यंदा नाही तर कधीच नाही. मी सहा महिने पहाटे उठून तिला ह्याच शेताभोवती पळवतेय, यार.

हंबीरराव : ते मला दिसत नाही का? म्हणून तर चढलो. आता माझी अट ऐक. घोडं उभ्या उभ्या झोपतं, ठाऊक आहे ना? मागचा एक पाय सैल सोडून. पायाखालच्या जमिनीवर विश्वास असला तरच सोडतं. चालत्या ट्रेलरमध्ये झुंबरने एकदा पाय सोडला की कच्छ पक्कं. नाही सोडला तर हा ट्रेलर मी विकणार.

मोहना : डन. बोललात हं.

हंबीरराव : बोललो. आता लाव फोन, स्पीकरवर टाक. आणि शेतातल्या रस्त्यानेच चालव. हमरस्त्याला लागलीस तर तिथेच उतरेन.

(मोहना पिकप चालवते, श्रीकृष्ण तिच्या शेजारी. हंबीरराव मागे ट्रेलरमध्ये, खुराकाच्या पोत्यांजवळ उभे. त्यांचा आवाज फोनवरून येतो.)

मोहना : ऐकू येतंय, आबासाहेब? झुंबरच्या वजनाइतकी पोती भरलीत. पुढच्या टाकीत पाणीही काठोकाठ आहे. म्हणजे एकदम खरीखुरी परीक्षा.

हंबीरराव : येतंय. थांबव.

मोहना : अजून वडापर्यंतही नाही गेलो.

हंबीरराव : म्हणूनच थांबव. दात वाजले माझे. दोन खरे आहेत, बाकी कवळी. सगळेच वाजले. मला परत सांगा, ह्या पिकपला पाटे वाढवले कशाला?

श्रीकृष्ण : साहेब, नेहमीचा ट्रेलर मागे हुकाला लटकतो. ह्याची मान सरळ पिकपच्या हौद्यात येते, मागच्या चाकांच्या बरोबर डोक्यावर. रस्त्यावर हलत नाही, वळायला मख्खन. पण ओझं सगळं पिकपच्या पाठीवर. पहिल्यांदा जोडला तेव्हा मागून अशी बसली की दिवे लावले तर उजेड वडाच्या शेंड्यावर. मग मी दोन्ही बाजूंना दोन दोन पाटे वाढवले. आता हत्ती घाला, बसायची नाही.

हंबीरराव : बसत नाही हे खरं. उठतेच आहे. आणि इथे चढ आहे.

श्रीकृष्ण : रस्ता सपाट आहे, साहेब.

हंबीरराव : तुझा रस्ता असेल सपाट. माझ्या पायाखाली चढ आहे. मी शेपटीकडे घसरतोय.

मोहना : एक मिनिट, मी उतरून बाजूने बघते. ... अरे, खरंच. ट्रेलरचं नाक वर आहे. श्रीकृष्णभाई, या इकडे. पाटे वाढवले तशी पिकपची मागची बाजू उचलली गेली, आणि तिच्यावर बसलेली ट्रेलरची मानही वर गेली.

श्रीकृष्ण : थोडी गेलीय. चार बोटं.

हंबीरराव : चार बोटं तुला. तिला कच्छपर्यंत मागच्या पायांवर जोर देऊन उभं राहायचंय. दौड सुरू व्हायच्या आधीच मांड्या भरून येतील. श्रीकृष्णा, काम चांगलं केलंस तू, रागावू नकोस. पण हे सिमेंटच्या पोत्यांसाठी आहे. पोतं झोपत नाही.

श्रीकृष्ण : रागावत नाही, साहेब. पण मऊ केली की बसते, आणि कडक केली की तुमचे दात वाजतात. मी करू काय?

मोहना : मी पहिल्या दिवसापासून बोंबलतेय, फुगे लावा.

हंबीरराव : फुगे? जत्रेला चाललोय का आपण?

मोहना : हवेचे फुगे, आबासाहेब. जाड रबराचे. गाडीची चासी आणि चाकांचा आस यांच्या मध्ये बसतात, दोन बाजूंना दोन. मूळचे पाटे तसेच मऊ राहतात. ट्रेलर जोडला की हवा भरायची, गाडी सपाट होईपर्यंतच. सोडला की हवा कमी करायची. जेवढं ओझं तेवढी हवा.

श्रीकृष्ण : आणि रणात मध्येच कुठे फुटला म्हणजे? आजूबाजूला मीठ आणि आपण. पाटा फुटत नाही, मोहनाबेन.

मोहना : पाटा तुटतो. तुम्हीच तर रोज तुटलेले बदलता.

हंबीरराव : बोल आता, श्रीकृष्णा.

श्रीकृष्ण : पोरगी वकील व्हायला पाहिजे होती. ठीक आहे, फुगे लावू. मला ते बसवता येतात, आवडत नाहीत ही वेगळी गोष्ट. पण मग माझंही एक ऐकायचं. फुगा गाडी उचलतो, गाडीची ताकद वाढवत नाही. आस तोच, टायर तेच, ब्रेक तेच. कंपनीने दाराच्या आतल्या बाजूला लिहिलंय किती वजन पाठीवर घ्यायचं ते. तुम्ही पुढे ती मोठी टाकी बसवलीत, काठोकाठ भरली, तिच्यापुढे खोगिराची पेटी. सगळं मानेवरच येतंय. फुगा भरला की गाडी सपाट दिसेल आणि तुम्हाला वाटेल सगळं आलबेल. उतारावर ब्रेक मारला की कळेल.

मोहना : पण टाकी लागणारच. तुम्हाला झुंबर माहीत नाही. ती दुसऱ्या पाण्याला तोंड लावत नाही. साठ किलोमीटर पळायचं आणि पाणी प्यायचं नाही म्हणजे मरायचंच. टाकी मी काढणार नाही.

श्रीकृष्ण : मग मी फुगे लावणार नाही. चावी ठेवतो इथे, दुसरा माणूस बघा.

मोहना : असं काय करता, श्रीकृष्णभाई? पाच दिवस राहिलेत.

श्रीकृष्ण : पाच असू दे नाहीतर पन्नास. तुम्ही चालवणार आहात ती. मला रात्री झोप लागली पाहिजे.

हंबीरराव : भांडा, भांडा. मी आहे इथेच, घोडीच्या जागी, सोयीने भांडा. ... झालं? मोहना, तो बरोबर बोलतोय. आपल्याकडे टांगा होता तेव्हा हेच. बोजा मागे झाला की टांगा उलाळ, घोडं वर उचललं जायचं. पुढे झाला की सगळा त्याच्या पाठीवर. कितीही चांगलं घोडं घ्या, बोजा नीट लावल्याशिवाय चालत नाही. टाकी काढ.

मोहना : आणि पाणी?

हंबीरराव : गूळ.

मोहना : शुं? गूळ?

हंबीरराव : आजपासून इथल्याच पाण्यात गूळ घाल. बादलीला एक खडा. चार दिवसांत तिला गुळाचं पाणी म्हणजेच घरचं पाणी वाटायला लागेल. मग कच्छच्या पाण्यातही तेवढाच गूळ. पाणी बदललेलं कळायचं नाही. माझे वडील घोडी मेळ्याला न्यायचे ते काय टाकी डोक्यावर घेऊन?

मोहना : आबासाहेब, हे तुम्ही सहा महिन्यांत एकदाही नाही सांगितलंत.

हंबीरराव : तू विचारलं नाहीस. तू फोनमध्ये विचारत होतीस.

श्रीकृष्ण : चला, मिटलं. टाकी बाहेर, पेटी पिकपच्या मागच्या सीटवर, वाढवलेले पाटे बाहेर, फुगे आत. आणि एखादा फुगा गेलाच, तर मूळ पाट्यांवर हळूहळू गावापर्यंत येता येईल, कारण वजन हिशोबात आहे. बुधवारी घेऊन येतो.

हंबीरराव : मला आधी उतरवा कोणीतरी. पाय वळलाय.

*

श्रीकृष्ण : घ्या, मोहनाबेन. घोडामैदान जवळच आहे. फुगे बसले, हवा भरली, सपाट केली. पट्टी लावून बघा, नाक ना वर ना खाली. सकाळी आबासाहेब पुन्हा उभे राहिले आत, दोन फेऱ्या मारल्या.

मोहना : काय म्हणाले?

श्रीकृष्ण : कवळी काढून खिशात ठेवली होती, ती परत लावली. मी पास समजलो.

मोहना : आणि झुंबर चढतच नाहीये. अर्धा तास झाला. फळीवर पाय ठेवते, काढते.

हंबीरराव : दोरी सोड तिची.

मोहना : पळाली तर?

हंबीरराव : जाईल कुठे? सोड, आणि बाजूला हो. मी आत जातो. खंडेराव मार्केटमधून गाजरं आणलीत, ती खात बसतो. तिच्याकडे बघणार नाही. तुम्हीही बघू नका. गप्पा मारा.

मोहना : कसल्या गप्पा मारू मी आता?

श्रीकृष्ण : मला एक सांगा, हिचं नाव झुंबर का? घोडीचं नाव बिजली असतं, केसर असतं.

मोहना : आबासाहेबांच्या दिवाणखान्यात झुंबर होतं, त्यांच्या पणजोबांच्या काळचं. पुसायला शिडी लागायची, खाली बसायला भीती वाटायची. ते विकलं आणि ही आणली, एवढीशी. आजीसाहेब महिनाभर बोलल्या नव्हत्या.

श्रीकृष्ण : आणि मग?

मोहना : मग आजीसाहेबच हिला भाकरी चारायला लागल्या. शेवटच्या आजारपणात रोज विचारायच्या, झुंबर जेवली का. ... श्रीकृष्णभाई, आवाज आला का? फळीचा?

श्रीकृष्ण : वळू नका. पुढचे दोन्ही पाय फळीवर आहेत. आबासाहेब पाठमोरे, गाजर खातायत. जोरजोरात खातायत.

मोहना : आता?

श्रीकृष्ण : मान लांब केलीय. त्यांच्या खिशाचा वास घेतेय. मागचा एक आला. दुसरा... आला. मोहनाबेन, आत आहे. आख्खी आत आहे.

मोहना : मला रडू येतंय.

श्रीकृष्ण : नंतर रडा. आधी दार लावू, हळूच. आबासाहेब, तुम्ही बाजूच्या दाराने या.

हंबीरराव : येतो. गाजर संपू दे तिचं.

*

मोहना : सगळे बसलात? निघू? आबासाहेब, ट्रेलरमधल्या कॅमेऱ्याचं चित्र तुमच्या फोनवर दिसतंय ना?

हंबीरराव : दिसत असेल.

मोहना : म्हणजे?

हंबीरराव : फोन उलटा ठेवलाय मांडीवर.

श्रीकृष्ण : द्या साहेब, मी मागून बघतो.

हंबीरराव : नको. मीच बघणार. चालव तू, पोरी.

मोहना : वीसच्या वर नाही जात. बोला ना काहीतरी, मला मागे बघता येत नाहीये.

हंबीरराव : उभी आहे. चारही पाय रोवून. दोन्ही कानांची टोकं एकमेकांना चिकटलीत, भ्यायलीय.

मोहना : परत फिरू?

हंबीरराव : परत फिरायला सहा महिने पहाटे उठलीस का? चालव.

श्रीकृष्ण : पुढे कालव्याची मोरी आहे, मोहनाबेन. त्या दिवशी साहेबांचे दात वाजले तो रस्ता ह्यापेक्षा सपाट होता.

मोहना : माहीत आहे. घेते. ... गेली. गेली का? मला तर काहीच नाही जाणवलं.

श्रीकृष्ण : फुगा दबला आणि उठला, बास. मी उगाच नावं ठेवत होतो.

मोहना : आबासाहेब?

श्रीकृष्ण : साहेब, बोला की. पोरीचा जीव टांगणीला लागलाय.

हंबीरराव : एक कान बाजूला पडलाय. खालचा ओठ लोंबतोय. तुझी आजी दुपारी आरामखुर्चीत अशीच दिसायची.

मोहना : आणि पाय?

हंबीरराव : थांब. चष्मा पुसू दे.

मोहना : चष्मा लावलेलाच नाहीये तुम्ही.

हंबीरराव : मग डोळे पुसू दे. ... डावा. मागचा डावा सोडलाय तिने.

मोहना : खरंच? आबासाहेब, खरंच सोडलाय? कच्छ पक्कं?

हंबीरराव : हळू बोल. आणि शुक्रवारी हॉर्न वाजवायचा नाही, पार कच्छपर्यंत. झोपू दे तिला.